आमच्या कॉलेजने झोन सोडला

गेल्या शनिवारी सकाळी न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेच्या हॉकी टर्फवर होते. थंडी मी म्हणत होती, हातातली कॉफी दोन मिनिटांत गार... आणि समोर माझी लेक ईरा तिच्या कॉलेजकडून झोनमधली शेवटची मॅच खेळत होती. (इथे हायस्कूललाच कॉलेज म्हणतात.)

शेवटची म्हणजे खरंच शेवटची. पुढच्या सीझनपासून आमचं कॉलेज ऑकलंडच्या मोठ्या लीगमध्ये जाणार आहे. तिथे तगड्या टीम्स, चांगले कोच, सिलेक्टर्सची ये-जा... आमच्याबरोबर आणखी एक शाळा निघाली आणि पाच शाळांचा आमचा छोटा झोनच मोडला.

उरलेल्या तिघींना आता दक्षिणेकडच्या झोनला जोडणार आहेत. म्हणजे दर शनिवारी दीड तास जायला, दीड तास यायला.

त्या दिवशीची समोरची टीम या तिघींपैकीच एक. लहानशी शाळा, चहूबाजूंनी कांद्या-बटाट्याची शेतं. बहुतेक मुलींचे आईवडील शनिवारीसुद्धा मळ्यात नाहीतर पॅकहाउसमध्ये कामाला असतात. एवढ्या लांब मुलींना घेऊन जाणार कोण? त्यामुळे त्यांची हॉकी टीम बंद होतेय.

आता एक कबुली देते. आम्हाला लीग बदलायची सक्ती कोणी केली नव्हती. आमच्या कॉलेजच्या बोर्डाने मतदान घेऊन ते ठरवलं आणि पालकांची प्रतिनिधी म्हणून त्या बोर्डावर मी आहे. हात वर केला तो मी... सगळ्यांच्या आधी.

मी मूळची साताऱ्याची, इथे फार्मासिस्ट आहे. आपण कसे वाढलो ते तुम्हाला सांगायला नको. पोरीला 'ब' तुकडीतून 'अ' तुकडीत घेतलं म्हटल्यावर कुठली आई मागे राहिलेल्यांची चौकशी करते? पेढे वाटते आणि मोकळी होते. मीही तेच केलं.

मीटिंगच्या कागदांत 'इतर शाळांवर होणारा परिणाम' असा एक परिच्छेद होता. तो मी वाचलासुद्धा नव्हता. औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरातली चिठ्ठी रोज लोकांना वाचायला लावणारी बाई मी... लाज वाटते लिहिताना.

मॅच आम्ही चार-एकने जिंकलो. एरवी ओरडून ओरडून माझा घसा बसतो. त्या दिवशी मी हात खिशात घालून नुसती उभी होते.

मॅच झाली की यजमान शाळेने पाहुण्या टीमला खाऊ घालायचं, ही इथली पद्धत. आणि 'प्लेअर ऑफ द डे' आपल्या टीममधली नाही, समोरच्या टीममधली निवडायची. ईरा कॅप्टन, तिने त्यांची गोलकीपर निवडली. चार गोल खाल्लेली, पण दहा तरी अडवलेली.

त्या मुलीने सर्टिफिकेट घेतलं, 'थँक्स' म्हणाली आणि काढलेलं हेल्मेट परत डोक्यावर चढवून बसली. जाळीमागे काय चाललंय ते सगळ्यांना कळत होतं.

त्यांची कोच अरोहा. शाळेच्या ऑफिसमध्ये काम करते आणि गेली कित्येक वर्षं ही टीम सांभाळते. मी व्हेज म्हणून माझे सँडविच तिने नेहमीसारखे फॉइलमध्ये वेगळे बांधून ठेवले होते. ते हातात दिले आणि मागोमाग एक भलीमोठी बॅग ओढत माझ्यापुढे आणून ठेवली.

आत गोलकीपरचं सगळं किट. पॅड्स, ग्लव्हज, छातीचं गार्ड. आमच्या सेकंड टीमच्या गोलकीपरला धड किट नाही, हे तिला माहीत होतं. म्हणाली, आमच्या कपाटात कुजण्यापेक्षा कुणीतरी घालू दे.

मला ते सहन होईना. सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं, म्हणून तिला बाहेर पायरीवर घेऊन गेले आणि सांगून टाकलं, की लीग बदलायच्या बाजूने मीही हात वर केला होता.

ती शांतपणे म्हणाली, "माहितीये मला. तुमच्या बोर्डाच्या मीटिंगचे मिनिट्स वेबसाइटवर असतात, मी तेव्हाच वाचले."

म्हणजे त्या मीटिंगनंतर दोनदा आम्ही भेटलो, दोनदा तिने मला खाऊ घातलं, आणि तिला सगळं ठाऊक होतं.

मी काहीतरी पुटपुटले, ईराच्या भवितव्याचं वगैरे. तिने मला थांबवलं. "तुझ्या मुलीसाठी केलंस. मीही माझ्या मुलीसाठी केलं असतं. फक्त आधी एक फोन करायचास."

एक फोन. चार वर्षं तिचा नंबर माझ्याकडे आहे. टर्फ ओला आहे का, मोजे जास्तीचे आणू का, असल्या गोष्टींसाठी शंभर वेळा लावलाय. नेमका तेव्हाच लावावासा वाटला नाही...

परतताना गाडीत ईरा म्हणाली, "आई, कॅन वी स्टिल प्ले देम?"

बोर्डाच्या पुढच्या मीटिंगसाठी एक प्रस्ताव लिहायला घेतलाय. लीगचं काय व्हायचं ते होवो, वर्षातून एक मॅच या शाळेशी खेळायची आणि त्यासाठी आपण त्यांच्याकडे जायचं. पास होईल की नाही, ठाऊक नाही.

पण या वेळी पहिली ओळ लिहायच्या आधी अरोहाला फोन केला. विचारलं, तुम्हाला हवंय का असं काही?

ती म्हणाली, मुलींना विचारते... अकरा जणी उरल्या तर कळवते.