घोड्यावरची कार्यकारिणी

डॉक्टरकाकांना चेहरे लक्षात राहत नसत. जन्मभर भूल देण्याचं काम केलेलं. म्हणायचे, "माझे पेशंट झोपलेले असायचे रे, चेहरे कशाला लक्षात ठेवू?"

कॅनडात, मिसिसागाला, त्यांच्या बेसमेंटमध्ये मी भाड्यानं राहायचो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी अभिमानानं सांगतो, पण काका माझ्याहून जोरात सांगत. कुणीही आलं की, "हा इंजिनिअर. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे, यानं डिग्री काढली!" सुरुवातीला मी अवघडून जायचो, मग ताठ बसायला लागलो. आता काका नाहीत. माझी ओळख मलाच करून द्यावी लागते.

भांडण मात्र त्यांच्या पक्कं लक्षात राही. मराठी मंडळाचे जुने अध्यक्ष अण्णा हे त्यांचे जिवलग दोस्त. गणपतीचा महाप्रसाद घरोघरी करायचा की केटररकडून मागवायचा, यावरून भर सभेत दोघांची जुंपली आणि बोलणंच बंद झालं. त्याच आठवड्यात दोघं मिळून काउबॉय लोकांचा एक मारधाडीचा सिनेमा पाहणार होते. तो राहिला. अण्णा एकटेच पाहून आले असं कानावर आलं, तेव्हापासून काकांनी त्या सिनेमाचं नाव टाकलं.

बऱ्याच वर्षांनी एका विंटरमध्ये कळलं, अण्णा हॉस्पिटलात आहेत, लक्षण ठीक नाही. दुपारी काकांनी मला वर बोलावलं. "तो सिनेमा लाव रे."

पडद्यावर दहा-बारा टोपीवाले, सगळ्यांना मिशा. काकांना कोण कुठला काही कळेना. मग त्यांनी प्रत्येकाला मंडळातलं एकेक पद वाटून टाकलं. गोळीबार झाला की सिनेमा थांबवून चौकशी.

"खजिनदार गेला का?"

"नाही काका, चिटणीस गेला."

"बरं झालं. कुणाला बोलूच द्यायचा नाही!"

पडद्यावर रक्ताचे पाट, आणि आम्ही पोट धरून हसतोय.

शेवटी अध्यक्षाला शत्रूंनी घेरलं. पहिल्याच गोळीबारानंतर भांडून निघून गेलेला त्याचा जोडीदार घोडा फेकत परत आला, पण तो पोचेपर्यंत अध्यक्ष संपला होता. या वेळी काकांनी काही विचारलं नाही. उठून जॅकेट चढवलं.

"बाहेर बर्फ आहे. गाडीला विंटर टायर लावलेत ना?"

"लावलेत."

"मग चल."

अण्णा पार वाळले होते, पण आवाज शाबूत होता. काका पलंगाशी उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "सिनेमा पाहिला."

"आत्ता? अरे गाढवा, इतकी वर्षं लावलीस?"

"तू तरी कुठं थांबलास माझ्यासाठी?"

"गेलो होतो खरा," अण्णा म्हणाले. "शेजारची खुर्ची रिकामी. इंटरव्हल नसतो ना इथं, बोलायचं कुणाशी? अर्ध्यातून उठून आलो." थोडा दम खाऊन विचारलं, "त्या दोघांचं काय होतं रे शेवटी?"

काकांनी खुर्ची ओढली, अण्णांचा हात हातात घेतला.

"काही नाही रे. दोस्त वेळेवर पोचतो."