तांडेलताई आणि कीलमधली ओल

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे आटपाडीला सगळ्यांची समजूत अशी की मला काहीही लिहिता येतं. प्रत्यक्षात नोकरीचा अर्ज लिहितानाही मला घाम फुटतो. पण तांडेलताईंबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि माझ्याहून बरा माणूस अजून पुढे आलेला नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

ताई न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, क्रॉमवेल नावाच्या लहान गावात दातांच्या डॉक्टर होत्या. मी ड्युनेडिनला इंजिनिअरिंग शिकत होतो आणि २०१४च्या हिवाळ्यात तिथल्या फळबागांत छाटणीच्या कामाला गेलो होतो. दाढ ठणकली म्हणून त्यांच्याकडे पोचलो. माझं आडनाव वाचून त्या सरळ मराठीत म्हणाल्या, "आ कर." मग तोंडात हत्यारं घालून विचारायला लागल्या, "इंजिनिअरिंग का? वा! होडीत बसलायस कधी? पोहता येतं?" मी दोन्हींना "आ" म्हणालो. त्यांनी ते होकार धरले आणि पुढच्या रविवारी मी डन्स्टन तलावावर त्यांच्या शिडाच्या होडीपाशी लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांत गुरफटून उभा होतो. पोहता येत नाही, हे तेव्हा कबूल केलं.

"का रे?"

"आटपाडीला पाणी टँकरने येतं, ताई. टँकरमध्ये कुठे पोहणार?"

तो दिवस नारळी पौर्णिमेचा. ताई हर्णैच्या कोळ्यांच्या. तिकडे त्या दिवशी दर्याला नारळ देऊन होड्या पाण्यात घालतात. इकडे तेव्हा ऐन हिवाळा. गावातल्या सगळ्या होड्या ताडपत्रीखाली झोपलेल्या, आणि आमची एकटी तलावात. शेजारचा गोरा म्हातारा डोकं हलवत म्हणाला, "अजून उन्हाळ्याला वेळ आहे." ताई म्हणाल्या, "सण तळ्याला विचारून येत नाही." ऑकलंडकडच्या पापाटोएटोतल्या भारतीय दुकानातून मागवलेला नारळ पाण्यात सोडला, आम्ही एक फेरी मारली. मी सबंध वेळ शिडाच्या खांबाला मिठी मारून होतो. संध्याकाळी होडी ओलीच्या ओली ट्रेलरवर चढवून अंगणात ठेवली. रात्री कडाक्याचं हिम पडलं.

सप्टेंबरात ताईंना कीलमधून तपकिरी पाणी ठिबकताना दिसलं. कील म्हणजे होडीच्या पोटाखालचं जड पातं. ते होडीला कलंडू देत नाही. त्यांच्या कीलला बाहेरून फायबरग्लासचे थर होते, आत शिसं आणि भराव. बारीक भेगेतून पाणी आत गेलं, गोठलं, फुगलं आणि थर सुटे झाले. ताईंनी होडी शेडमध्ये घेतली आणि दात तपासायच्या आरशाच्या दांड्याने कील ठोकत ठोकत पाहिली. चांगल्या जागी टणटण, सुटलेल्या जागी भदभद. "आ कर," त्या कीलला म्हणाल्या आणि ड्रिलने भोकं पाडायला लागल्या. आत मुरलेल्या पाण्याचा आंबूस वास शेडभर पसरला. मी आता शनिवार-रविवारी ड्युनेडिनहून येत असे; इंजिनिअर या नात्याने हीटर धरला.

एरवी हे काम सावकाश झालं असतं. पण ऑक्टोबरात महिनाभरासाठी ताईंचे वडील येणार होते. ताई लहानपणी बंदरावर आईबरोबर मासळी विकत, पण होडीत पाऊल ठेवायची त्यांना बंदी. बाईचा पाय होडीला लागू नये, हा वडिलांचा नियम. ताई हट्ट करून रडल्या, तरी नाही. आणि आता म्हातारा फोनवर आपण होऊन म्हणाला होता, "येतो गो. तुझ्या होडीत बसतो."

बाबा आले, कानटोपी घालून रोज शेडमध्ये स्टुलावर बसू लागले. ओल मोजायचं यंत्र रोज काटा वरच दाखवी. भोकांच्या कडेला ऊन हवा सोडली, ताडपत्रीचा तंबू केला; भराव स्पंजासारखा पाणी धरून बसला होता. बाबांच्या परतीच्या आदल्या दिवशी मी माझी विद्या पाजळली. "ताई, वरून पट्टी मारू. एकच तर फेरी!"

"ओल्या दाढेवर टोपी घालत नाहीत."

"दाढ नाही ही, ताई!"

"हो ना. दाढ पडली तर माणूस बुडत नाही. कील सुटली आणि त्या बर्फाच्या पाण्यात बाबा पडले तर? तू काढशील? टँकरवाल्या?"

ताईंनी वडिलांकडे पाहिलं. बाबांनी एवढा वेळ होडीवर ठेवलेला हात काढून घेतला. "नाय तर नाय," ते म्हणाले आणि चहा मागितला. त्यांना विमानात बसवून आल्यावर ताईंनी कपडेही न बदलता कीलला आणखी चार भोकं पाडली. मी जेवायला हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही.

उन्हाळ्यात कील एकदाची सुकली. ताईंनी ती कापड आणि इपॉक्सीचे थर देऊन बंद केली, आणि "बाबा पुढच्या वर्षी येतील" म्हणत राहिल्या. मला दूर उत्तर बेटावर, टौरंगाला नोकरी लागली. फोन कमी झाले. चूक अर्थात माझ्या आळसाची.

मग एका सकाळी त्यांचाच फोन आला. बाबा गेले होते. ताई हर्णैला जाऊन दिवसकार्य उरकून परतल्या होत्या. मी नुसतं "ताई" म्हणालो.

"अरे, तिकडे जो तो मला येऊन सांगत होता," त्या म्हणाल्या. "म्हणे, म्हातारा बंदरावर रोज सांगायचा. पोरीच्या होडीत बसून आलो, सुकाण तिच्या हातात, असा हात कुणाचा बघितला नाय. सगळ्या कोळीवाड्याला पाठ झालं होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

फोनवर त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला.

"म्हटलं, हो. त्या दिवशी वारा जरा जास्त होता."