पायरीवरची निळी पिशवी

काल लोकरीचे कपडे उन्हात घालायला कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी तुमच्या पणजींची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, तसाच वास येणारी निळी पिशवी आठवली, बाळांनो. तिघा मुलांनी आईच्या पाळ्या लावल्या होत्या: हिवाळा सावनेरला, पावसाळा रामदासपेठेत आणि उन्हाळा आमच्या प्रताप नगरच्या घरी, कारण आमच्याकडे मोठा कूलर होता. त्या वर्षी त्यांना येऊन जेमतेम आठवडा झाला असेल. संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरून मी बाहेर आले, तर त्या चप्पल घालून, पिशवी मांडीवर घेऊन, अजून तापलेल्या पायरीवर बसल्या होत्या. “कुठे निघालात, आई?” “पाळी सरली ना वं माही. मले न्यायले येऊन राहिले.” तेवढ्यात तुमचे आजोबा ऑफिसातून आले. पोटच्या मुलापुढे आईंनी हात जोडले, “भाऊ, मले माह्या पोराकडे सोडून देता का जी?” “कोणत्या पोराकडे, आई?” बराच वेळ विचार करून त्या म्हणाल्या, “जो ठेवून घेईल त्याच्याकडे.” आजोबांनी त्यांना गाडीत बसवून एक फेरी मारली आणि आमच्याच दाराशी परत आणलं. आत येताना आईंनी मला विचारलं, “राहू देशील ना वं?” मी हो म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा पायरीवर होत्या. परवा शेजारीण म्हणाली, की भर दुपारी मी चप्पल घालून पायरीवर बसले होते. मला ते आठवत नाही. आजोबा गेले, तुम्ही सगळे दूर, आणि मला एक फेरी मारून घरी परत आणायला इथे कोणी नाही.