मावशीच्या चपला आणि पळालेला समुद्र

आमच्या भोपाळच्या शिवाजी नगरातल्या क्वार्टरांत मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी रजया विकत घेणारी बाई एकच होती. कूलर ती थंडीत घ्यायची आणि छत्री दिवाळीनंतर. कॉलनीतली हिंदी मंडळी तिला ‘बेमौसम आंटी’ म्हणत, आम्ही चार मराठी घरं नुसतं मावशी. नात्याने ती माझी कुणीच नव्हती, पण मला रागवायचं असलं की माझी आईसुद्धा आधी तिला विचारून घ्यायची.

स्वतःचं लग्नही पौषातच लावलं, असं ती छातीठोकपणे सांगे. “हॉल रिकामा, आचारी रिकामा, अन्‌ भटजी तर घरी माशा मारून राहिला होता.” खरंखोटं काका जाणोत, आणि काका आता नाहीत.

सरकारी नोकरीतून ती निवृत्त झाली आणि डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं हळूहळू मिटत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. दिवाळीनंतर मुलगा तिला पुण्याला नेणार, हेही ठरलं. मावशीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन मला म्हणाली, “जुलैत रजा टाक. आपण अंदमानला जाऊन राहिलो.”

शाळेत असताना तिने प्रवाळाचं चित्र रंगवलं होतं, तेव्हापासून तिला ते जिवंत पाहायचं होतं. दर वेळी काहीतरी आडवं आलं: निवडणुकीची ड्युटी, मुलाची बारावी, काकांचं आजारपण. जुलैत तिथे धो धो पाऊस असतो, असं मी म्हणून पाहिलं. “म्हणून तर सगळं स्वस्त आहे. सीझनमध्ये लोक काय पाहतात, एकमेकांच्या पाठी?” ती म्हणाली. या बाईपुढे कुणाचं काय चालणार?

मुलाची कॉलेजातली सॅक तिने पाठीला लावली. तीत सातूचं पीठ, तिखट शेव आणि कपडे वाळत घालायची दोरी. कोलकात्यापर्यंत रेल्वे, पुढे विमान, मग बोट. बोटीत मी पिशवीत तोंड घालून बसले होते आणि मावशी खलाशांना सातू कालवायला शिकवत होती. बेटावरचं लॉज अख्खं रिकामं होतं. मावशी प्रत्येक खोलीतल्या पलंगावर आडवी होऊन आली. “खाली है तो चुनके लेंगे ना, भैया,” असं तिने मालकाला सुनावलं. मालक बंगाली, स्वभावाने गरीब. दुसऱ्या दिवशी तो तिला दीदी म्हणू लागला आणि तिसऱ्या दिवशी डाळीत मीठ पुरे झालं का, ते विचारायला आला. मला तर हसून हसून बोलता येईना.

पण प्रवाळ दाखवणारी काचेच्या तळाची बोट काही सुटेना. रोज सकाळी आम्ही धक्क्यावर जायचो आणि बोटवाला आभाळाकडे बोट दाखवायचा. आमची परतीची बोट दुपारची होती. तिच्या आदल्या संध्याकाळी मावशी पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, “एवढं आलो अन्‌ वरचं पाणीच पाहून गेलो, तर आपला तलाव काय वाईट होता?” पुढच्या वर्षी येऊ, हे मला म्हणवेना.

चपला आम्ही काठावर काढून ठेवल्या होत्या. भोपाळात जन्म काढलेली माणसं आम्ही, काठ म्हटला की तो जिथे असतो तिथेच असतो. भरती-ओहोटी पुस्तकात वाचली होती, पण ते ज्ञान चपलांपर्यंत पोचलं नव्हतं. गप्पांच्या नादात वळून पाहिलं तर पाणी चढलेलं आणि चपला गायब.

सकाळी बघतो तर समुद्रच नाही. लांबवर एक रेघ, आणि मधे ओल्या खडकांचं मैदान. मावशीने मालकाला हाक मारली, “भैया, आपका समंदर भाग गया.” तो हसला. “भाटा है दीदी. जाइए, चप्पल वहीं कहीं मिलेगी. बस, किसी चीज़ को हाथ मत लगाना.” आम्ही त्याच्या रबरी सपाता घालून निघालो. त्या मावशीच्या पायांत फटफट वाजत होत्या आणि आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या खिदळत होतो.

एक चप्पल एका डबक्याच्या कडेला अडकलेली दिसली. ती उचलायला मावशी वाकली आणि तशीच राहिली. परातीएवढं डबकं, पाणी काचेसारखं, आणि तळाशी प्रवाळ. पिवळट, जांभळं, जिवंत. त्याच्या फांद्यांतून बोटाएवढे निळे मासे आत-बाहेर करत होते. मोठा समुद्र तिच्या नजरेत मावत नव्हता, त्याचे कोपरे तिच्यापुरते कधीच पुसले गेले होते. हे परातीएवढं मात्र पुरतं मावलं. ती गुडघ्यांची तक्रार विसरून तिथेच बसली. “हे पाहा, हे पाहा,” म्हणत मला ढोसत होती आणि रडतही होती. मीही रडले, हसता हसता. पाणी परत चढायला लागलं तेव्हा मालकाला येऊन तिला हाताला धरून उठवावं लागलं.

दिवाळीनंतर मावशी पुण्याला गेली. आता आमचं फोनवरच बोलणं होतं. परवा मी धीर करून विचारलं, “मावशी, आता कितपत दिसतं?”

“उजेड कळतो,” ती म्हणाली. “अन्‌ निळे मासे आहेतच.”