उरलेला नायट्रोजन कुणाचा?

आमची आत्या कुणाच्या घरी पहिल्यांदा गेली की खुर्चीवर टेकायच्या आधी न्हाणीघर बघून येते. त्यात वाईट हेतू काही नसतो. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. ज्या वस्त्यांत गटारं नाहीत, घरोघरी सेप्टिक टँक आहेत, तिथून रोज किती सांडपाणी जमिनीत मुरतं आणि त्याच्यासोबत किती नायट्रोजन जातो, याचा अंदाज काढायचा, हे तिचं काम. नातेवाईक तिला ‘सांडपाणीबाई’ म्हणतात. तोंडावरच म्हणतात, कारण पाठीमागे म्हटलेलंही तिला कळतंच.

तिची पद्धत साधी. नळाखाली बादली धरायची, घड्याळ लावायचं आणि बादली भरेपर्यंत घरच्यांची उलटतपासणी घ्यायची. आंघोळ बादलीने की शॉवरखाली? भांडी वाहत्या नळाखाली की टबात? आणि शेवटी, “रात्री घरात झोपायला किती माणसं?” या प्रश्नावर एका सासूबाईंनी तिला दार दाखवलं होतं. आत्याने दार बघितलं, बिजागरीला तेल घाला म्हणाली आणि प्रश्न पुन्हा विचारला.

गेल्या वर्षी ही पाळी तिच्याच गल्लीवर आली. गल्ली उतारावर आहे. सगळ्यात खालचं घर आत्याचं, त्याच्याखाली अख्ख्या गल्लीला पाणी पुरवणारी विहीर, आणि विहिरीच्या बाजूला मावशींचा गोठा. मावशी म्हणजे कुणाच्या सख्ख्या मावशी नव्हेत. गायी पाळतात, दूध घालतात, जवळजवळ सगळ्यांना अरेतुरे करतात, म्हणून मावशी. तर या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट वाढायला लागलं. आणखी वाढलं असतं तर तान्ह्या बाळांच्या दुधात ते पाणी घालायची सोय उरली नसती. गल्लीने बसल्या बसल्या निकाल देऊन टाकला : गोठा. आत्याच्या ऑफिसनेही मावशींना नोटीस काढली. आत्याच्या अहवालात वेगळं काही निघालं नाही, तर महिनाअखेर गोठा हलवायचा. मावशींकडे दुसरी जागा नव्हती. गोठा हलवायचा म्हणजे गायी विकायच्या.

“माझ्या गायींना बोलता येत नाही म्हणून ढकलताय का गं सगळं त्यांच्यावर?” मावशींनी आत्याला विहिरीवरच गाठलं.

“मी अजून कुणावरच काही ढकललेलं नाही,” आत्या म्हणाली. “आधी मोजू तर द्या.”

मग तिने गल्ली मोजायला घेतली. वरच्या टोकाच्या घरातले आजोबा तिची वाटच बघत होते. ते अर्ध्या बादलीत आंघोळ करतात आणि उरलेल्या पाण्यात रुमाल धुतात. “लिहा,” ते छाती फुगवून म्हणाले, “आमच्या घरातून गल्लीत सगळ्यात कमी घाण.”

“आजोबा, पाणी अर्धं, पण नायट्रोजन पूर्ण.”

“म्हणजे?”

“नायट्रोजन पाण्यातून येत नाही, माणसातून येतो. जेवणातून पोटात जातो आणि जास्त करून लघवीतून बाहेर पडतो. माणशी दिवसाला दहा-बारा ग्रॅम धरा. तुम्ही पाणी कमी वापरलंत तर तो फक्त दाट होतो. टाकीत थोडा अडतो, बाकीचा शोषखड्ड्यातून खाली विहिरीकडे.”

आजोबा इतके हिरमुसले की संध्याकाळी पूर्ण बादलीने आंघोळ केली म्हणे.

मोजणी संपली. पाण्याचा अंदाज विहिरीवरच्या पंपाच्या मीटरशी झकास जुळला. नायट्रोजनचा मात्र जुळेना. घरोघरची माणसं धरून जेवढा यायला हवा, त्याहून विहिरीत जास्त येत होता. एखाद्या भरल्या घराचा असावा, तेवढा जास्त. तिचे साहेब म्हणाले, “उरलेला गोठ्याच्या नावावर टाका आणि सही करा.”

“उरलेला म्हणजे काय उष्टं आहे का, की गायीपुढे टाकलं?” आत्या म्हणाली आणि तडक गोठ्यात गेली. तिथल्या नालीत तिने लाल रंगाचं पाणी ओतलं, आणि मी, ती आणि मावशी, तिघं त्या रंगामागे वरातीसारखे चालत निघालो. पाणी विहिरीकडे वळलंच नाही. जमीन तिथे पलीकडे उतरते. सगळा लाल ओघळ विहिरीच्या खालच्या अंगाला मावशींच्या गवताच्या वाफ्यात जाऊन जिरला. शेणाचा ढीग तेवढा विहिरीच्या वरच्या अंगाला होता. पण बहुतेक शेण आठवड्याला मळेवाले उचलून नेत. ढिगातून झिरपून झिरपून किती झिरपणार?

“सुटल्या का माझ्या गायी?” मावशींनी विचारलं.

“अर्ध्या सुटल्या. खरा मालक सापडेपर्यंत साहेब ऐकायचे नाहीत.”

दुसऱ्या दिवशी आत्याने चक्क रजा टाकली आणि भरदुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आकडेमोड मांडून बसली. काका, म्हणजे तिचे यजमान, शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरीच गणिताच्या शिकवण्या घेतात. पुढच्या खोलीत त्यांचा वर्ग भरला होता. ते मुलांना त्रैराशिक शिकवत होते. आत्या आत तेच चुकवत होती. मी तिला मदत करायला, म्हणजे बिस्किटं खायला, गेलो होतो. थोड्या वेळाने संडासाकडे निघालो, तर दारापुढे रांग.

मी परत आलो. “आत्या, तुझ्या घरात माणसं किती?”

“दोन. का रे?”

“मग माझा नंबर पाचवा कसा?”

तिने मान वर केली. मागच्या अंगणात मगाने पाणी ओतल्याचा आवाज आला. दार वाजलं. पुन्हा मग, पुन्हा दार. आत्या रोज सकाळी ऑफिसला जाते आणि संध्याकाळी येते, तेव्हा शेवटची तुकडी चपला घालत असते. तिच्या घरचा हा आवाज तिने तोवर ऐकलाच नव्हता.

“अहो!” ती ओरडली. “दिवसभरात मुलं किती येतात?”

“तीन तुकड्या. साठेक असतील,” काका खडू हातात घेऊनच आत आले. “काय झालं?”

“आणि सगळी जातात?”

“कुठे?”

“मागे!”

“आता निसर्गाचं बोलावणं आलं तर मी काय गुणाकार देऊन थांबवू?”

आत्या डोक्याला हात लावून हसत सुटली. प्रत्येकाच्या दारात जाऊन झोपणारी माणसं मोजली आणि स्वतःच्या दाराशी जागी असलेली विसरली. आंघोळ नाही, कपडे नाहीत, माणशी मगभर पाणी. मीटरला पत्ताही लागला नाही. आणि नायट्रोजन मात्र सहा-सात माणसांचा, तोही विहिरीला सगळ्यात जवळच्या शोषखड्ड्यात.

“हे अहवालात लिहिणार आहेस?” काकांनी विचारलं. “माझा वर्ग बंद पडेल.”

“नाही लिहिलं तर मावशींच्या गायी जातील.”

वर्गात जाऊन काकांनी मुलांना लवकर सोडलं.

आत्याने लिहिलं. गोठ्याची नोटीस मागे घेतली गेली, ढीग हलवायच्या अटीवर. आणि नवी नोटीस आत्याच्याच घरावर आली. काकांनी ती मोठ्याने वाचली, खालची शिफारस कुणाची आहे हेही मुद्दाम वाचलं, आणि दोन दिवस आत्याशी फक्त मीठ मागण्यापुरते बोलले.

तिसऱ्या दिवशी मावशी दुधाचं भांडं घेऊन आल्या. “सर, गोठ्यामागे माझी चाऱ्याची खोली रिकामी आहे. तिथे भरवा वर्ग. पोरांसाठी आडोसा घालून मुतारी करू, पाणी गवतात सोडू. गवताला तेच तर लागतं ना गं?”

“लागतं,” आत्या म्हणाली.

काकांचा चेहरा उजळला. “मग उद्यापासूनच येतो!”

“थांबा!” आत्याने खिशातून टेप काढला. “आधी वाफा मोजू दे. एवढ्याशा गवताला साठ मुलं झेपतील की नाही, कुणाला माहीत?” आणि चपला न घालताच ती मावशींच्या पुढे चालायला लागली.