शेजाऱ्यांचा एक्स-रे

मी निघाले त्या दुपारी कांजूरमार्गच्या आमच्या बिल्डिंगखाली टॅक्सी उभी होती आणि आई खिडक्या लावत होती. वारा कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडकडून आला की आमच्याकडे आधी खिडक्या, मग बाकीचं सगळं. तेवढ्यात समोरच्या नाईककाकी गुडघ्याची एक्स-रे फिल्म घेऊन आल्या. मुलगी 'एक्स-रेचं शिकायला' हॉलंडला चाललीय, असं आईने मजलाभर सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, "काकी, मी मेलेल्या ताऱ्यांचे एक्स-रे बघणार आहे, माणसांचे नाही."

"मेलेल्यांचे कशाला गं? जिवंत माणसांचे बघ ना."

बाबा बॅग उचलता उचलता हसले. "जा गो. हवापालट समज," एवढंच म्हणाले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तुमच्यापैकी जे तिथेच राहिलात त्यांना मी नक्की काय करते हे अजून कळलेलं नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. माझे तारे जेमतेम मुलुंड ते दादर एवढे, पण सूर्यापेक्षा जड. त्यातले पल्सार नेमाने लुकलुकतात. मॅग्नेटार वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि एके दिवशी अचानक भडकतात. त्यांचे एक्स-रे आपल्यापर्यंत पोचत नाहीत, वाटेत हवा ते गिळून टाकते. म्हणून आमची दुर्बीण हवेच्या वर, उपग्रहावर बसवलेली असते आणि माझ्याकडे येतात ते नुसते आकडे. ते सोडवून मी सायकलने घरी जाते, ठरल्या वारी कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवते. त्या कचऱ्याचं पुढे काय होतं ते मी कधी विचारलेलं नाही. कांजूरमार्गला ते न विचारता कळायचं.

दरम्यान बिल्डिंगमधले गुडघे, मणके आणि अक्कलदाढा व्हॉट्सअॅपवर येत राहिल्या. समजावून समजावून मी थकले. शेवटी सगळ्यांना एकच उत्तर पाठवायला लागले, डॉक्टरांना दाखवा.

मध्यंतरी आईने छातीचा एक एक्स-रे पाठवला. खाली लिहिलं होतं, "शेजाऱ्यांचा आहे. काळजीचं आहे का बघून सांग." फिल्म खिडकीच्या काचेवर धरली होती आणि ज्या कोपऱ्यात पेशंटचं नाव छापतात तिथे आईचा अंगठा होता. नेहमीचं उत्तर टाइप करता करता मी थांबले. एक बरगडी वाकडी जुळलेली होती. मी शाळेत असताना आकाशकंदील टांगायला बाबा स्टुलावर चढले आणि पडले, तेव्हाची ती बरगडी. बाकी फिल्मभर पांढरट ठिपके होते, त्यांचा अर्थ मला लागेना. आमच्या एक्स-रेत तारा स्वतः उजळतो. इथे माणसाची नुसती सावली होती. मी घाबरले.

आई देवळात जाते ती वेळ साधून बाबांना फोन केला.

"कळलं ना तुला?" ते म्हणाले. "आईला बोलू नको. तिला वाटतंय तिने झकास लपवलंय."

धुळीने फुप्फुसं खराब झालीत, डॉक्टरांनी हवापालट करायला सांगितलाय, म्हणाले. मी म्हटलं, मग इकडे या, इथली हवा स्वच्छ आहे. हळवे झाले की बाबा मालवणीवर येतात. "तुझ्या दुर्बिणीला हवा नको. माका लागता गो, वायट असली तरी." मी जोर केला तेव्हा म्हणाले, "एका घरातून एकाने हवापालट केला, पुरे झाला."

मी चिडले. मग वर्षभर घरून काम करायची परवानगी मागितली. दुर्बीण पृथ्वीभोवती फिरते, मी कुठल्या खुर्चीत बसलेय याच्याशी तिला काय करायचंय? घर म्हणजे कुठलं, असं आमच्या विभागप्रमुख बाईंनी विचारलं. एरवी या प्रश्नाला मी अडखळते. या वेळी चटकन कांजूरमार्ग म्हणून गेले.

माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, तुमचं मला माहीत नाही. माझ्यापुरतं घर म्हणजे तो एक्स-रे आहे. तो मला वाचता येत नाही, पण नाव झाकलं तरी कोणाचा ते कळतं.

तिकीट काढल्यावर आईला मेसेज केला, "तुझ्या त्या शेजाऱ्यांना सांग, त्यांची मुलगी येतेय."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "सांगते त्यांना. खूश होतील."