पेढे का बर्फी

आमच्याकडं मुलगा झाला की पेढे वाटतात, मुलगी झाली की बर्फी. माझा जन्म लासूर स्टेशनचा. नर्स घाईत "मुलगा" म्हणाली आणि वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले. नंतर डॉक्टर म्हणाले, लेकरू ठणठणीत आहे, पण अंग मुलाचं की मुलीचं ते सांगता येत नाही. वडील म्हणाले, "पेढे तर वाटून झाले." तेवढ्यासाठी मला कळायच्या आत कापलं, शिवलं. लघवी करताना आजही डोळ्यांत पाणी येतं.

परवा धाकट्या भावाला मूल झालं. पुंडलिकनगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तेच सांगितलं. धोका काही नाही, तरी ऑपरेशन आत्ताच उरकून टाकू, म्हणाले. माझे पाय एका जागी ठरेनात. माझ्या येरझारा चालू आणि आई मागं मागं.

"बाहेर लोक खोळंबलेत. पेढे आणायचे का बर्फी, सांग की!"

"लेकराला कुणी हात लावायचा नाय," मी ओरडून म्हटलं. "मोठं झाल्यावर त्याचं ते ठरवंल. अन् लोकांना लईच घाई असंल, तर चिवडा वाट."